भोपळ्याला पहिली सुरी

सुमा, भोपळे आलेत.

आज बुधवार. मार्केट यार्डातून टेम्पो आला आणि शिपाई मामांनी एकेक भोपळा पोटाशी धरून आत आणला. स्टाफरूमच्या खिडकीखाली ओळीनं मांडून ठेवलेत. माल चांगला आहे. जड, तांबूस, खोल खाचांचे. एकाचा देठ असा वाकडा आहे की तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, "हे बघ, पी.टी. सरांचं नाक." मीच म्हणून बघितलं. कुणी हसलं नाही.

शाळेच्या कॅलेंडरवर परवाच्या शुक्रवारच्या चौकोनात अजून छापलेलं आहे: पंपकिन कार्व्हिंग, पाचवी ब. खाली दोन नावं, तुझं आणि माझं. पाचवी ब तुझा वर्ग, चित्रकला माझा विषय. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आपण दोघी मिळून पोरांकडून भोपळे कोरून घेतो. घेत होतो. प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावून विचारलं, "नसीम मिस, या वर्षी राहू द्यायचं का?" मी फाडकन म्हटलं, "का? भोपळे काय सुमंगला मिसच्या माहेरचे होते?" मला तसं बोलायचं नव्हतं. हल्ली तोंडातून काय निघेल याचा नेम नाही.

सगळे म्हणतात, रडून घे, मोकळी होशील. रडू येईल तेव्हा येईल. आत्ता मला राग येतोय. एका जागी बसवत नाही. हे लिहितानासुद्धा मी दोनदा उठून गॅस बघून आले, आणि गॅसवर काही नव्हतं. इम्रान म्हणाला, "अम्मी, बैठो जी एक जगा." बसते म्हटलं आणि गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे परत झटकून घातले.

तुला नेलं त्या दिवशी मी तुमच्या बिल्डिंगच्या पायऱ्यांवर उभी होते. तुमच्यात बसवून नेतात, हे तूच मला सांगितलं होतंस, आणि त्यावर आपण हसलोही होतो. तुम्हीही पुरता, आम्हीही पुरतो, फक्त आम्ही आडवे आणि तुम्ही बसून. पण मग डोळ्यांनी बघितलं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, आणि तू बसलेली. इतकी वर्षं शेजारच्या वर्गातून तुला बघितलं, एक दिवस तू खुर्चीत बसून शिकवलं नाहीस. "मिस बसली की पोरं झोपतात," असं तुझं म्हणणं. त्या दिवशी बसलीस ती बसलीसच. मला वाटलं, जाऊन हलवावं. ऊठ की गं. पाचवी बचा तास आहे.

पण राग त्याचा नाही. सांगते कशाचा. आधी पहिल्या वर्षाचं सांगू दे, नाहीतर माझं मलाच नीट लागत नाही.

मॅडमनी कुठल्याशा शाळेचे फोटो बघितले आणि ठरवलं, आपल्याकडेही हे झालं पाहिजे. भूतबित नको, हसरे चेहरे करा म्हणाल्या. वर्गात टेबलं जोडली, वर्तमानपत्रं अंथरली, पोरं बाकांवर गुडघे टेकून उभी. आणि सुऱ्या हातात घेऊन तुम्ही सगळ्या मिसेस नुसत्या उभ्या. कुणी सुरीची धार बघतंय, कुणी ओढणी खोचतंय, कुणी उगाच पोरांवर ओरडतंय. कापत कुणी नाही. मला वाटलं, सुऱ्या बोथट आहेत. तेव्हा तू मला बाजूला ओढलंस.

"नसीम, अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिली सुरी लावत नाहीत."

"का? तो काय ओरडतो?"

"भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा असतो. पुरुषमाणसानं एक चीर द्यायची, मग बाईनं हवा तसा कापावा."

"मग पी.टी. सरांना बोलाव."

"ते मॅचला गेलेत पोरांना घेऊन."

"शिपाई मामा?"

"बँकेत."

मी मोठ्यानं हसले. म्हटलं, "आमच्यात असलं काही नाही बाई. आण इकडे." आणि धरला भोपळा, घातली सुरी. खच्चकन आवाज आला. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सर्कशीत सिंहाच्या जबड्यात मान घालणाऱ्याला वाजवतात तशा. मग मी ओळीनं सगळ्या भोपळ्यांना एकेक चीर देत गेले आणि माझ्या मागून तुम्ही सुरू झालात. मला लई भारी वाटलं त्या दिवशी. घरी जाऊन मी इम्रानला सांगितलं, तुझी अम्मी आज हिरो झाली.

तेव्हापासून पहिली सुरी माझी. नुसती शाळेत नव्हे. तुझे मिस्टर गेले त्यानंतर तू घरचा भोपळासुद्धा पिशवीत घालून शाळेत आणायला लागलीस. म्हटलं, "अगं, तुझा लेक बसू आहे की घरात, चांगला बाप्या झालाय." तर म्हणालीस, "ज्याच्या जिवाची काळजी, त्याच्याच हातात सुरी कशी देऊ?" मधल्या सुट्टीत मी एक चीर द्यायची आणि तू तो परत पिशवीत घालून, स्कूटीच्या हुकाला लावून जुळे सोलापूरला न्यायचीस. दुसऱ्या दिवशी डब्यात घारगे. तुझ्या हातचे घारगे, गूळ थोडा जास्तच. त्यावरूनही आपलं वाजायचं.

आणि कोरायचं कसं, हे तर आपण आपलं आपणच शिकलो. फोटोतले ते भोपळे वेगळेच असतात. आपला भोपळा म्हणजे भिंत. डोळे कोरले तर आरपार जातच नाहीत, आत पणती ठेवली तर बाहेर काळोख. पहिल्या वर्षी सगळे चेहरे आंधळे झाले. दुसऱ्या वर्षी तू पोरांना घरून मोठे डाव आणि चमचे आणायला लावलेस. वर टोपीसारखा तुकडा काढायचा आणि आतून गर खरवडत राहायचं. खरवडा, खरवडा. "ज्याचा सगळ्यांत पातळ त्याचा चेहरा सगळ्यांत हुशार," असं तू सांगितलंस आणि पोरं घाम गाळत भिडली. डोळे-तोंड त्यांनी मार्करनं काढायचे, सुरी मी चालवायची, दात त्यांनी टाचणीनं आणि खिळ्यानं टोकरायचे. पणती लावली तर भोपळ्याचं अंगच पेटल्यासारखं केशरी दिसायला लागलं. वर्गाचे पडदे ओढले होते. तुला चित्र काढता येत नव्हतं, कावळा आणि कोंबडी तुझी सारखीच, पण मिशा मात्र फार छान काढायचीस. प्रत्येक भोपळ्याला मिशा. मुलींच्या भोपळ्यालाही.

ते उताऱ्याचं आठवतं का? शिपाई मामांनी कोरलेले भोपळे उचलून गेटच्या कोपऱ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथं मांडून ठेवले. आत विझलेल्या पणत्या तशाच. दुसऱ्या दिवशी नेमका शनिवार. सकाळी रिक्षा अलीकडेच थांबायला लागल्या. एक आजी नातवाला उचलून भिंतीला घासत घासत मागच्या गेटानं आली. कुणीतरी मॅडमना फोन केला की शाळेनं चौकात करणी मांडलीय. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "म्या हितं ठिवलं, घंटागाडी हितंच थांबती म्हनून. मला काय ठावं लोकं एवडी भितील."

कुणी हात लावायला तयार नाही. मॅडमसुद्धा गेटच्या आतूनच बघतायत. आणि तू गेलीस तरातरा. पदर खोचलास, मोठा भोपळा दोन्ही हातांनी डोक्याएवढा वर उचललास आणि रस्त्यावरच्या लोकांना ओरडून म्हणालीस, "हे पाचवी बच्या पोरांनी केलेले आमचे ड्रायव्हरकाका आहेत. मिशा बघा. ओळखलं का?" लोक हसायला लागले. तू एकेक उचलून आत आणलास. मी गेटवर उभी होते, माझ्यात आणि तुझ्यात दोन हात अंतर, आणि मी म्हटलं, "सुमे, तू ह्याला भीत नाहीस आणि अख्ख्या भोपळ्याला भितेस?"

"ते लोकांचं आहे. हे माझं आहे."

"म्हणजे काय?"

"अय्यो, म्हणजे काय काय? बेड, नको, ह्यावर वाद बेड." तुझं कानडी निघालं की वाद संपला असं तू समजायचीस. माझ्याकडून तो कधी संपला नाही.

आता रागाकडे येते.

इम्रान हायवेवर पडला ते वर्ष. टेंभुर्णीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी, रोज जाऊन-येऊन करतो, तिथं खोली घे म्हटलं तर ऐकत नाही. एस.टी. चुकली म्हणून मोटरसायकल काढली आणि खडीवरून घसरला. हात मोडला. देवाची कृपा, तेवढ्यावर निभावलं. आपला भोपळ्याचा कार्यक्रम होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. मी शाळेत आले, सगळ्यांनी विचारपूस केली, आणि मी तुला म्हटलं, "बघ सुमा, तुझा बसू ठणठणीत आणि माझा पडला. भोपळा मीच कापला होता की."

मी गमतीत म्हणाले. गमतीतच म्हणाले, बहुतेक. रात्रभर दवाखान्यात जागलेल्या बाईच्या गमतीला किती गंमत म्हणायचं, ते तूच ठरव. स्टाफरूम हसली. तू नाही हसलीस. तू फक्त विचारलंस, "कोणता हात?" मी म्हटलं उजवा. तू वह्या उचलल्यास आणि वर्गावर गेलीस. पुढं त्यावर एक अक्षर नाही. ना तू काढलंस, ना मी. पुढच्या वर्षी भोपळे आले, मी पहिली सुरी लावली, तू मिशा काढल्यास, सगळं पहिल्यासारखं. मी समजले, विषय संपला.

मागच्या रविवारी मी तुझ्या घरी गेले. बसू एकटाच होता. तुझे चष्मे एका डब्यात भरत होता, कुठं देतात का विचारत होता. चहा केला त्यानं माझ्यासाठी, आलं घालून, तुझ्यासारखाच. मग म्हणाला, "खाला, या वर्षी भोपळे करणार?"

"करणार. न करायला काय झालं? शुक्रवारी आहे."

तो हसला. म्हणाला, "आईला तो दिवस लई जड जायचा. पाण्याचा घोट घ्यायची नाही. इम्रानभाईचा उपास ना."

"कसला उपास?"

"तुम्हाला माहीत नाही? इम्रानभाई पडल्यापासून धरायची की. भोपळे कापायच्या दिवशी. म्हणायची, सुरी नसीम लावते, ती कुणासाठी लावते? मग त्या पोराचं कुणीतरी बघायला नको?"

चहा तसाच ठेवून मी उठले. बसू "खाला, खाला" करत दारापर्यंत आला. लिफ्टची वाट न बघता पायऱ्या उतरले आणि खाली स्कूटीला किल्ली लागेना. रागानं. ऐक आता.

तू विश्वास ठेवत होतीस! मला वाटत होतं, रिवाज आहे म्हणून पाळतेस, जसं आम्ही पाळतो चार गोष्टी, सासूनं सांगितलं म्हणून. पण नाही. तुला मनापासून वाटत होतं की जी बाई अख्ख्या भोपळ्याला सुरी लावते, तिच्या मुलावर येतं. असं वाटत असताना तू सुरी माझ्या हातात दिलीस. दर वर्षी. टाळ्या वाजवल्यास. माझा काय मुलगा नव्हता? आणि हे वाटत होतं म्हणूनच मग उपाशी राहिलीस, माझ्या पोरासाठी, सांगितलं नाहीस, शुगर असताना, गोळ्या चालू असताना! वर्गात दिवसभर उभी राहून! कोण करतं गं असं? एका हातानं ढकलायचं आणि दुसऱ्या हातानं धरायचं. मी कुठला हात आठवू?

सांग ना. तू असतीस तर स्टाफरूमचं दार लावून घेतलं असतं आणि भांडले असते. तू "अय्यो नसीम, किती बोलतेस" म्हणाली असतीस, मी अजून बोलले असते, तू रडली असतीस, मग मी. घंटा झाली असती. संपलं असतं. आता हे भांडण घेऊन मी कुठं जाऊ? कबरीवर जाऊन भांडायचं म्हटलं तर तिथं बायकांनी फार वेळ थांबायचं नसतं, म्हणे.

आणि खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही. सुमा, मला भीती वाटतेय. मला! जिच्यात असलं काही नाही, तिला. इतकी वर्षं सुरी घालताना माझा हात हलला नाही, कारण मला काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे. या वर्षी मी सुरी लावणार आणि इम्रान हायवेवर असणार आणि उपाशी कुणी नसणार. हसू नकोस. मी स्वतःलाच हसतेय. भोपळ्यांकडे बघून पाठ फिरवते आणि परत वळून बघते.

इथवर बुधवारी लिहिलं होतं. आता शुक्रवार संध्याकाळ आहे.

सकाळी मी पोहे खाल्ले. मुद्दाम. ताटभर खाल्ले, वर शेंगाची चटणी घेऊन. म्हटलं, नसीम, तू ह्या भानगडीत पडायचं नाहीस. सुमा, तू तुझ्या वाटेनं गेलीस, मी माझ्या. इम्रान गाडी काढत होता, त्याला म्हटलं, एस.टी.नं जा. म्हणाला, "अम्मी, आज इत्ता क्या?" आणि गेला गाडीवरच.

वर्गात टेबलं लावली. पोरं डाव, चमचे घेऊन तयार. तुझा फोटो फळ्याशेजारी लावलाय मॅडमनी, हार घालून, आणि पोरं त्याच्याकडे न बघता इकडं-तिकडं करतात. मी पहिला भोपळा पुढं ओढला. सुरी घेतली. देठाशेजारी टेकवली.

आणि हात पुढं जाईना.

अगं, खरंच. खांद्यापासून जड. पोरं वाट बघतायत. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मिस, लागत नाही का?" पी.टी. सर दारातून जात होते, थांबले. त्यांना कळलं असावं, का नुसतीच मदत करायची होती, कोण जाणे. आत येत म्हणाले, "द्या मिस, मी लावतो पहिली. पुरुषाचा हात लागला की झालं." पद्धतीप्रमाणे तेच बरोबर होतं. तुझ्याही पद्धतीप्रमाणे. सुरी त्यांच्याकडे दिली असती तर माझा जीव भांड्यात पडला असता, कुणाचं काही बिघडलं नसतं.

मी म्हटलं, "नको सर. तुमचा तास आहे ना ग्राउंडवर?" त्यांचं तोंड एवढंसं झालं. गेले.

का नाही दिली, ते मला अजून सांगता येत नाही. एवढंच कळलं की त्यांना दिली तर माझी आधीची सगळी वर्षं खोटी पडतात. मग मी घाबरून कापला. घाबरत घाबरत, बिस्मिल्ला म्हणून. याआधी कधी म्हटलं नव्हतं, भोपळ्याला काय म्हणायचं. आज म्हटलं. खच्चकन आवाज आला आणि पोरं ओरडली.

मग कामात बुडाले. गर खरवडा, बिया वेगळ्या वाटीत, भांडू नका, खिळा डोळ्याजवळ नेऊ नकोस. एका मुलीनं भोपळ्यावर तुला काढलं. चष्मा, मोठं कुंकू आणि दोन्ही भुवया अशा खाली ओढलेल्या. मी म्हटलं, "सुमंगला मिस एवढ्या रागीट नव्हत्या गं." ती म्हणाली, "तुमच्यावर नव्हत्या. आमच्यावर होत्या." मिशा मात्र तिनं काढल्या नाहीत. मी विचारलं, तर म्हणाली, मिशा काढायचं काम त्यांच्याकडे होतं ना मिस, आता कोण काढणार. मीच काढल्या मग सगळ्या भोपळ्यांना. तुझ्यासारख्या नाही जमत.

मधल्या सुट्टीत इम्रानला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. परत. ऑफिसातला नंबर लागत नव्हता. मी व्हरांड्यात फेऱ्या मारत होते आणि मामा म्हणाले, "मिस, काय हरवलं का?" पोरांनी पणत्या लावल्या, पडदे ओढले, सगळे "ओऽऽ" करून ओरडले, आणि मी दारात उभं राहून फोन कानाला लावलेला. काय दिसलं म्हणशील तर मला आठवत नाही.

शाळा सुटताना त्याचा फोन आला. "अम्मी, क्या हुआ? इत्ते मिस कॉल? माल उतर रहा था, फोन टेबल पे था." काय सांगणार त्याला? म्हटलं, "कुछ नहीं. खाना खाया?" म्हणाला खाल्लं. "बस, यही पूछना था." तिथंच पायरीवर बसले. आणि बसल्या बसल्या वाटलं, आता बसूला हे कोण विचारतं? जेवलास का म्हणून? मी रविवारी त्याच्या चहाला पाठ दाखवून निघून आले, त्यानंतर एक फोन नाही. म्हणून त्याला लावला.

"जेवलास का रे?"

"नाही खाला. आज उपास आहे."

"आज कसला उपास? सोमवार थोडीच आहे."

तो म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होता की. शुक्रवारी आहे म्हणून."

सुमा, मी त्याला इतक्या शिव्या घातल्या. तुला घालायच्या होत्या त्या सगळ्या त्याला घातल्या. गाढवा, तुला कुणी सांगितलं, तुझी आई वेडी, तू तिच्याहून वेडा, शिकलेला आहेस ना तू, बँकेत बसतोस ना. गेटवर पालक उभे होते, ते बघत होते, बघू देत. मधेच रडायला लागले. इतके दिवस आलं नव्हतं ते नेमकं गेटवर. तो पोरगा ऐकत राहिला. तूही अशीच ऐकून घ्यायचीस.

मग मी म्हटलं, "ऊठ आणि आधी काहीतरी खा. झालं सगळं. कापले भोपळे."

"आईचा नियम तसा नव्हता," तो म्हणाला. "इम्रानभाई घरी पोचला का?"

तू त्या दिवशी संध्याकाळी फोन करायचीस, दर वर्षी. "इम्रान आला का गं?" आणि मी म्हणायचे, आला बाई आला, तुला काय करायचंय, किती चौकशा. आणि फोन ठेवून द्यायचे. तू तिकडं ताट वाढून घेत होतीस होय?

"नाही पोचला अजून," मी म्हटलं. "निघेल आता."

"मग पोचला की सांगा खाला. तोवर थांबतो मी."

मी इम्रानला परत फोन लावला. म्हटलं, गाडी सावकाश चालव, पण कुठं थांबू नकोस. सीधा घर कू आ. बसू भूका बैठा है तेरे वास्ते.